पावडर, पाण्याची गोळी आणि गुडघ्याची गोळी

प्रश्न थोडक्यात असा. वडील ५८ वर्षांचे, वजन ६८ किलो, मधुमेह नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० बरीच वर्षं चालू आहे. वरचा आकडा १५० च्या खाली येईना म्हणून फेब्रुवारीत डॉक्टरांनी त्यात क्लोरथॅलिडोन १२.५ या लघवी वाढवणाऱ्या 'पाण्याच्या गोळी'ची भर घातली. मुलगा जिमला जातो. त्याचा व्हे प्रोटीनचा डबा आणि व्यायामाआधी घ्यायची आर्जिनिन-सिट्रुलिनची पावडर बघून वडिलांनीही मार्चपासून दोन्ही सुरू केलं, शिवाय पहाटे तासभर चालायला लागले. एप्रिलअखेरच्या रक्ततपासणीत, किडनी जे टाकाऊ पदार्थ बाहेर टाकते त्यांतलं क्रिएटिनिन १.१ वरून १.४ झालं, युरिया ३० वरून ५२. बीपी ११२/७०. सकाळी अंथरुणातून उठताना भोवळ येते. मुलाने विचारलंय, "पावडरने किडनी खराब केली की पाण्याच्या गोळीने? दोन्हींतलं काय बंद करू?" आणि शेवटी जाता जाता एक ओळ आहे: "बाकी काही त्रास नाही, गुडघे फार दुखले की मेडिकलमधून गोळी आणून घेतात."

मी सत्तावीस वर्षं किडनीचे पेशंट बघते आहे. एवढ्या वर्षांत एक सवय लागली आहे, ती म्हणजे पेशंट दारापर्यंत जाऊन मागे वळून जे सांगतो ते आधी लिहून घ्यायचं. तुमच्या प्रश्नातली ती शेवटची ओळ तशीच आहे. तिच्याकडे येतेच, पण तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टी आधी नीट मांडायला हव्यात. त्या समजल्या नाहीत तर तिसरीचा घोळ कळणार नाही.

सुरुवात आकड्यापासून. ५८ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ असेल तर सध्याच्या सूत्राने किडनीचा गाळण्याचा वेग मिनिटाला साधारण ७८ मिलिलीटर येतो. १.४ झालं की तोच ५८ वर येतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण तो वेग गाळणीची जाळी फाटल्यामुळे कमी झाला आहे की जाळीवर येणारा दाब कमी झाल्यामुळे, हे या आकड्यावरून कळत नाही. सोसायटीत पाण्याचा दाब कमी झाला की तिसऱ्या मजल्यावरचा नळ करंगळीएवढा वाहतो. त्यासाठी कोणी नळ बदलत नाही, आधी टाकी बघतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला टाकीचाच संशय आहे. युरियाची वाढ क्रिएटिनिनच्या वाढीपेक्षा जास्त आहे, बीपी खाली आहे, उठताना भोवळ आहे. अंगातलं पाणी आणि मीठ कमी पडल्याचं हे बोलकं चित्र आहे. युरिया वाढायला प्रोटीनची पावडरही थोडी कारण असेल, कारण जास्त प्रोटीन खाल्लं की त्यातला नायट्रोजन युरिया होऊनच बाहेर पडतो.

आता अमिनो अ‍ॅसिडं. ती प्रोटीनच्या विटा आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. ती किडनीशी काय करतात हे मात्र जिममधला ट्रेनर सांगत नाही, आणि 'प्रोटीनने किडनी फेल होते' म्हणणारे काकाही सांगत नाहीत. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लीटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लीटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. गाळलेल्या द्रवात अमिनो अ‍ॅसिडं असतातच. गाळणीला जोडलेल्या नलिकेच्या पहिल्या भागात ती परत ओढून घेतली जातात आणि येताना सोडियमला हाताला धरून आणतात. जेवणात प्रोटीन भरपूर असलं की या पहिल्या भागातच जास्त सोडियम उचललं जातं आणि पुढे कमी जातं. नलिकेच्या पुढच्या वळणावर मीठ मोजणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्यांना वाटतं, मीठ कमी येतंय म्हणजे गाळणंच कमी होतंय. मग त्या गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी सैल करायला सांगतात. रक्त जास्त येतं, गाळण्याचा वेग वाढतो. ग्लुकागॉनसारखी हॉर्मोन्स आणि नायट्रिक ऑक्साइडही यात हातभार लावतात. मटणाचं जेवण झाल्यावर तास-दोन तासांत निरोगी माणसाच्या किडनीचा वेग असा वाढलेला मोजता येतो. किडनीची राखीव ताकद जोखायला आम्ही याचाच उपयोग करतो.

म्हणजे अमिनो अ‍ॅसिडं किडनीला काही तासांपुरतं जास्त पळवतात. हे चांगलं की वाईट? माणसागणिक उत्तर वेगळं. किडनीचे संशोधक बॅरी ब्रेनर यांनी १९८२ साली मांडलं की ज्या किडनीतल्या गाळण्या आधीच कमी झाल्या आहेत, तिथे उरलेल्यांना सतत असं पळवलं तर त्या झिजतात. मधुमेहाने किडनीवर परिणाम झालेला माणूस, एकच किडनी असलेला माणूस, लघवीतून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) जाणारा माणूस यांच्यासाठी ही भीती खरी आहे. धडधाकट किडनीच्या माणसाची किडनी केवळ जास्त प्रोटीनने बिघडल्याचा भक्कम पुरावा मात्र नाही. उलट २०२४ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या ३,५११ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास आला. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि नंतर तीन दिवसांपर्यंत शिरेतून अमिनो अ‍ॅसिडं दिलेल्यांपैकी २६.९ टक्क्यांच्या किडनीला अचानक मार बसला, तर न दिलेल्यांपैकी ३१.७ टक्क्यांच्या. ऑपरेशनच्या वेळी किडनीला रक्त कमी पडतं, तिथे हा सैलपणा कामी आला. हा अभ्यास वाचून कोणी डब्यातली पावडर किडनीसाठी घ्यायला लागू नये, म्हणून आधीच सांगते: शिरेतून, आयसीयूत, मोजून तीन दिवस दिलेली ती गोष्ट आहे.

तुमच्या वडिलांचा हिशोब करू. ६८ किलोच्या माणसाला किलोला ०.८ ग्रॅम धरलं तर दिवसाला ५४-५५ ग्रॅम प्रोटीन पुरतं. ज्वारीच्या एका भाकरीत पाच-सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट आमटीत तेवढंच, पेलाभर दुधात सहा-सात. शाकाहारी घरातल्या बहुतेकांचं गणित पन्नासच्या आसपास थांबतं. त्यात व्हेच्या डब्यातला एक मोठा चमचा (स्कूप) म्हणजे साधारण २४-२५ ग्रॅम प्रोटीन. एकूण ७५, किलोला १.१. चांगल्या किडनीला याने काही होत नाही. किडनीचा विकार असेल आणि तो वाढण्याची शक्यता असेल तर किलोला १.३ च्या वर जाऊ नये असं सांगतात, त्याच्याही हे खाली आहे. गरज होती का, हा वेगळा प्रश्न. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूत्रांत स्नायू वाढवायला प्रोटीनच्या पावडरी टाळा असं स्पष्ट लिहिलं आहे. मला विचाराल तर त्याच पैशांत रोज दोन अंडी किंवा वाटीभर उसळ आणि दही बसतं, आणि डब्यात काय काय मिसळलंय याची चिंता उरत नाही.

मिसळण्याचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा आणि क्रिएटिन आहे का बघा. बऱ्याच मिश्रणांत असतं. क्रिएटिन शरीरात गेलं की त्याचं काही प्रमाणात क्रिएटिनिन बनतं. म्हणजे किडनी होती तिथेच असते आणि रिपोर्टमधला आकडा मात्र वर जातो. गेल्या वर्षी एक इंजिनिअर मुलगा रडवेला होऊन आला होता. क्रिएटिनिन १.५, घरच्यांनी थेट 'डायलिसिस लागेल का' इथपर्यंत मजल मारलेली. पिशवीत क्रिएटिनचा डबा निघाला. महिनाभर बंद करून परत तपासलं तर १.१. शंका उरली तर सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी असते, तिच्यावर स्नायूंचा किंवा क्रिएटिनचा फारसा परिणाम होत नाही. आदल्या रात्री मटण-चिकन दाबून खाल्लं तरी दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं. रविवारी पार्टी आणि सोमवारी रक्त द्यायला रांगेत, असं करू नका.

दुसरी पावडर आर्जिनिन-सिट्रुलिनची. हिचा संबंध किडनीपेक्षा बीपीशी जास्त आहे. आर्जिनिन या अमिनो अ‍ॅसिडपासून रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि वाहिन्या सैल पडतात. या नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनचा बराच भाग मात्र आतडी आणि यकृतच संपवून टाकतात. सिट्रुलिन त्यातून निसटतं, किडनीपर्यंत पोहोचतं आणि तिथे त्याचं आर्जिनिन होतं. गंमत म्हणजे हे सिट्रुलिन १९१४ साली जपानी संशोधकांनी कलिंगडातून वेगळं काढलं आणि कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरूनच त्याचं बारसं झालं. शेंगदाण्यात आर्जिनिन भरपूर असतं, शंभर ग्रॅममध्ये तीनेक ग्रॅम. म्हणजे आपली कूट घातलेली भाजी म्हणजे एका अर्थी आर्जिनिनचा पूरक आहारच, फक्त तिच्यावर डंबेल उचललेल्या माणसाचं चित्र नसतं.

बीपी किती उतरतं? दिवसाला ४ ते २४ ग्रॅम आर्जिनिन दिलेल्या ११ चाचण्या २०११ मध्ये एकत्र करून पाहिल्या, तेव्हा वरचा आकडा सरासरी ५ ने आणि खालचा पावणेतीनने उतरलेला दिसला. एवढ्यावर कोणाचं बीपी बरं होत नाही, पण टेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी घेणाऱ्यावर हे पाच आणखी पडले तर ११७ चे ११२ होतात आणि सकाळी भोवळ येते. शिवाय हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना आर्जिनिन देऊन पाहणारा अमेरिकेतला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मध्येच थांबवावा लागला होता, कारण आर्जिनिनच्या गटात सहा जण दगावले आणि दुसऱ्या गटात एकही नाही. अभ्यास लहान होता, १५३ जणांचा. तरीही हृदयाचा त्रास झालेल्या कोणाही माणसाला मी ही पावडर घेऊ देत नाही. व्यायामाआधीच्या पावडरींत कॅफीनही ठासून भरलेलं असतं आणि ते बीपी वर ढकलतं. एकाच डब्यात वर ढकलणारं आणि खाली ओढणारं, दोन्ही. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे कशाला हवंय?

पाण्याच्या गोळीवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण या गोळीबद्दल लोकांच्या मनात उगाच अढी असते. 'लघवीची गोळी' म्हणजे किडनीवर जोर पडणार, अशी समजूत. खरं तर या औषधांनी किडनीला मेहनत करायला लावलेली नसते, एका कामातून सुट्टी दिलेली असते. मीठ परत ओढून घेण्याच्या कामातून. नलिकेच्या पहिल्या भागात सुमारे ६५ टक्के सोडियम परत घेतलं जातं, मधल्या जाड भागात २५ टक्के, त्यापुढच्या तुकड्यात पाचेक टक्के. फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड मधल्या भागावर बसतात, म्हणून त्यांचा जोर मोठा आणि झटपट. हृदय किंवा किडनी थकून अंगावर सूज आली की ती हवीत. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड ही थायझाइड गटातली औषधं त्या पुढच्या पाच टक्क्यांच्या तुकड्यावर बसतात. जोर कमी, पण टिकाऊ. बीपीसाठी हीच बरी. क्लोरथॅलिडोन तर रक्तातून निम्मं व्हायलाच दोन दिवस घेतं.

१९५०च्या दशकाच्या शेवटी थायझाइड गोळ्या येईपर्यंत लघवी वाढवायला पाऱ्याची इंजेक्शनं देत. तो शोधही अपघाताने लागला होता. १९१९ मध्ये व्हिएन्नात आल्फ्रेड व्होग्ल नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने सिफिलिसच्या एका मुलीला पाऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि वॉर्डातल्या नर्सने चोख ठेवलेल्या लघवीच्या नोंदींत आकडा एकदम वर गेलेला दिसला. नोंदवही नसती तर तो शोध हुकला असता. म्हणून माझ्या वॉर्डात लघवीचं माप लिहायला कंटाळणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट सांगते.

पहिले काही आठवडे गोळीने मीठ-पाणी बाहेर जातं, वजन किलो-दीड किलोने उतरतं, लघवीला जास्त जावं लागतं. पुढे शरीर जुळवून घेतं, रक्तातलं पाणी जवळपास पूर्वपदावर येतं, पण बीपी खालीच राहतं, कारण तोपर्यंत वाहिन्यांचा ताठपणा कमी झालेला असतो. त्यामुळे दोन महिन्यांनंतर 'डॉक्टर, आता लघवी वाढत नाही, म्हणजे गोळी लागू पडत नाही' म्हणणाऱ्याला मी बीपीची वही दाखवते. एसटीचे एक कंडक्टर माझ्याकडे यायचे. लांब पल्ल्याची ड्यूटी असली की गोळी खात नसत, वाटेत उतरणार कुठे? आठवड्यातून चार दिवस गोळी नाही आणि बीपी का उतरत नाही म्हणून तिसरं औषध सुरू करायची वेळ आलेली. त्यांना गोळी ड्यूटी संपल्यावर घ्यायला सांगितलं. पंधरा दिवसांनी लघवीची घाई ओसरली आणि तिसऱ्या औषधाची गरजच पडली नाही.

किडनीच्या पेशंटला थायझाइड चालत नाही, असंही आम्ही शिकलो होतो. २०२१ मध्ये किडनीचा विकार पाच टप्प्यांपैकी चौथ्या टप्प्याला गेलेल्या १६० जणांना क्लोरथॅलिडोन देऊन पाहिलं, सुरुवात १२.५ नेच. चोवीस तासांच्या मोजणीत वरचा आकडा ११ ने उतरला. लघवीतलं अल्ब्युमिनही कमी झालं. पण त्याच अभ्यासात क्रिएटिनिन तात्पुरतं वाढणारे, भोवळ येणारे लोकही गोळीच्या गटात जास्त होते. ही गोळी किडनी बिघडवत नाही. ती गाळणीवरचा दाब कमी करते आणि त्याची पावती क्रिएटिनिनमध्ये दिसते. टेल्मिसार्टनचंही तसंच. गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढून स्थिर राहिलं तर आम्ही सहसा औषध बंद करत नाही. तुमच्या वडिलांचं १.१ वरून १.४, म्हणजे २७ टक्के. काठावर आहे.

दोष सगळे सांगायचे तर गोळी पोटॅशियम उतरवते, त्याने पोटऱ्यांत गोळे येतात. युरिक अ‍ॅसिड चढतं, पायाचा अंगठा सुजतो. साखर किंचित वाढू शकते. या सगळ्यांपेक्षा मला भीती वाटते ती सोडियम उतरण्याची, आणि तीही बारीक चणीच्या, वयस्कर बायकांमध्ये. सत्तरीच्या एका आजींना बीपीच्या अम्लोडिपिन या औषधाने पायावर सूज आली. ती औषधाची सूज होती, औषध बदलायला हवं होतं. त्याऐवजी कोणीतरी सूज उतरवायला पाण्याची गोळी जोडली. आजी एकादशा, चतुर्थ्या करणाऱ्या, जेवण चिमणीएवढं, वर 'पाणी भरपूर प्या' हा सल्ला. दहाव्या दिवशी त्या सुनेला ओळखेनात, पातेलं उलटं ठेवून त्यात दूध ओतायला लागल्या. घरच्यांना वाटलं अर्धांगाचा झटका. सोडियम निघालं ११२, म्हणजे फारच खाली. ते आम्ही दोन-अडीच दिवस घेऊन सावकाश वर आणलं, कारण घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होते. चौथ्या दिवशी आजींनी मला विचारलं, "तुझं लग्न झालंय का?" आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

या गोळ्या खेळाडूंना वर्ज्य आहेत, हे तुमच्या जिमच्या मित्रांना सांगा. इतर औषधांच्या खुणा पातळ लघवीत लपतात म्हणून त्यांच्यावर बंदी आहे. २००३ च्या विश्वचषकाच्या तोंडावर शेन वॉर्न घरी परतला आणि वर्षभर क्रिकेटबाहेर बसला, तो हायड्रोक्लोरोथायझाइड आणि अमिलोराइड ही पाण्याच्या गोळीतली दोन औषधं सापडल्यामुळे. आईने दिलेली गोळी घेतली, असं त्याचं म्हणणं होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी स्नायू उठून दिसावेत म्हणून पाणी तोडून फ्युरोसेमाइड घेणारी मुलं मी पाहिली आहेत. पोटॅशियम २.३ पर्यंत उतरलेला मुलगा पॅरेलिसिस झाल्यासारखा पडून होता.

आता ती शेवटची ओळ. मेडिकलमधून आणलेली गुडघ्याची गोळी. नाव नाही दिलंत, पण ती बहुधा डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा निमेसुलाइड असेल. पुष्कळदा ती पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असते, म्हणून लोक सांगतात, 'साधी पॅरासिटामॉलच तर घेतो'. किडनीच्या गाळणीला दोन नळ आहेत, एक रक्त आत आणणारा आणि एक बाहेर नेणारा. अंगात पाणी कमी असलं की शरीर आत येणारा नळ प्रोस्टाग्लँडिन या स्वतःच बनवलेल्या रसायनाच्या मदतीने उघडा ठेवतं आणि बाहेर जाणारा आवळतं. अशाने दाब टिकतो. क्लोरथॅलिडोनने पाणी कमी केलं. टेल्मिसार्टनने बाहेरचा नळ सैल केला. हे दोघं एकत्र असेपर्यंत किडनी निभावून नेते. मग दुखणं थांबवणारी गोळी प्रोस्टाग्लँडिनच बंद करते आणि आत येणारा नळ आवळला जातो. तिन्ही दारांनी दाब गेला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत या तिकडीने किडनीला अचानक मार बसण्याचा धोका ३१ टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि पहिल्या तीस दिवसांत तो ८२ टक्क्यांपर्यंत होता. यात एप्रिलचं ऊन आणि तासभर चालण्याचा घाम मिळवा. व्हेच्या डब्याची पाळी यानंतर येते.

डायक्लोफिनॅक किडनीला काय करू शकतं हे बघायला आकाशाकडे पाहावं. आपल्याकडची गिधाडं कोकणापासून विदर्भापर्यंत दिसेनाशी झाली, ती गुरांना दिलेल्या याच औषधामुळे. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेलं, किडन्या बंद पडल्या आणि आतल्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचे पांढरे थर जमले. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाची किडनी गिधाडाएवढी नाजूक नाही, पण पाणी तुटलेली आणि दोन औषधांनी आधीच दाब कमी केलेली किडनी त्या दिशेने सरकलेली असते.

गुडघ्यांसाठी काय मग? वरून लावायचं डायक्लोफिनॅकचं जेल रक्तात फार थोडं जातं, ते चालेल. नुसतं पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसात चारपर्यंत. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, मांडी घालून बसणं थोडे दिवस बंद. गुडघ्याची गोळी मात्र आजपासून घरात नको.

दोन्ही पावडरी तीन आठवडे बाजूला ठेवा. त्या दोषी ठरल्या म्हणून नव्हे. एका वेळी इतक्या गोष्टी हलत असल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही, म्हणून. क्लोरथॅलिडोन मनाने बंद करू नका. पण भोवळ आहे तेव्हा डॉक्टरांना उद्याच फोन करा आणि बसून आणि उभं राहून दोन मिनिटांनी, असं दोन्ही वेळचं बीपी सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर ते बहुधा काही दिवस गोळी थांबवायला किंवा एक दिवसाआड घ्यायला सांगतील. उलट्या-जुलाब झाले, ताप येऊन खाणं-पिणं तुटलं, तर टेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी दोन्ही त्या एक-दोन दिवसांपुरती थांबवायची असतात. हे त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्या. आषाढी वारीला जाणाऱ्या माझ्या पेशंटना मी ही चिठ्ठी गोळ्यांच्या पुडीला टाचणीने लावून देते.

मिठाबद्दल एक सावधगिरी. जेवणात पापड, लोणचं, सुकट रोज असेल तर पाण्याची गोळी हात टेकते, म्हणून मीठ कमी करायला आम्हीच सांगतो. पण बाजारात 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन पोटॅशियम आधीच धरून ठेवतं. वडिलांच्या बाबतीत क्लोरथॅलिडोन ते उतरवत असल्यामुळे काटा मधे राहील. मात्र क्लोरथॅलिडोन थांबलं किंवा त्याच्या जागी स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम धरून ठेवणारी पाण्याची गोळी आली, तर ते मीठ, रोजचं शहाळं आणि आर्जिनिनची पावडर या तिन्हींबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. किडनी मंदावलेल्या आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांना शिरेतून आर्जिनिन दिल्यावर पोटॅशियम जीवघेणं चढल्याच्या नोंदी आहेत.

आणखी एक, कारण आकडा १.४ दिसला की शेजारीपाजारी कोणीतरी सुचवेलच: 'किडनीच्या ताकदीच्या' म्हणून लिहून दिल्या जाणाऱ्या कीटो-अ‍ॅनालॉग गोळ्या. ही नायट्रोजन काढून टाकलेली अमिनो अ‍ॅसिडं. रक्तातला टाकाऊ नायट्रोजन उचलून ती परत अमिनो अ‍ॅसिडं बनतात, कल्पना सुरेख आहे. पण ती प्रोटीन किलोला ०.३-०.४ ग्रॅमवर आणणाऱ्या कडक पथ्याबरोबर, पुढच्या टप्प्याच्या विकारात आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली द्यायची असतात. पाच किलो वजनाला एक गोळी, म्हणजे वडिलांना दिवसाला तेरा-चौदा. पथ्य न पाळता सकाळ-संध्याकाळ एकेक खाणं म्हणजे महिन्याला काही हजार रुपये लघवीवाटे जाणं.

आठ-दहा दिवसांनी क्रिएटिनिन, युरिया, सोडियम, पोटॅशियम परत करा आणि या वेळी सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाणही मागा. ते आजवर कधी केलेलंच नाही असं तुमच्या रिपोर्टांवरून दिसतं, आणि गाळणीची जाळी शाबूत आहे का हे खरं तेच सांगेल. माझा अंदाज विचाराल तर क्रिएटिनिन १.२ च्या आसपास येईल. नाही आलं, किंवा अल्ब्युमिन जात असल्याचं निघालं, तर सोनोग्राफी करून किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना वडिलांच्या उशाखालच्या, पाकिटातल्या, देवघराच्या फळीवरच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला. नावं विचारू नका, ते दोनच सांगतील.